दांडीच्या नरम स्प्रिंगा

बुधवार, १२ मार्च

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण फाडण्याआधी वाच. इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, माझे कान अजून शाबूत आहेत, आणि दुकानात लोकांची कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्तीला रांग लावून उभी आहेत.

बातमी अशी, की आपली 'टक्कर' परत आलीय. हो, तीच. दोन वेगळ्या कंपन्यांचे वीर एकाच पडद्यावर भिडवणारी, आपल्या जुन्या गेमच्या दुकानातली मशीन. मी विकली म्हणून तू घर सोडलंस ती. (विकली ते बरोबरच केलं, आजही म्हणेन. तेव्हा तिच्यासमोर फक्त माशा खेळत होत्या.) एका क्लबाच्या तळघरात भंगारात सापडली. तुझ्या सोल्डरिंगचा डाग अंगावर तसाच. आणली, पडदा दुरुस्त केला, बटणं बदलली. वीरांना फिरवायच्या दोन्ही दांड्यांच्या स्प्रिंगाही बदलल्या, जुन्या कडक झाल्या होत्या. येत्या रविवारी दुकानासमोर सामने ठेवलेत.

हे चाहत्यांच्या फोनवरच्या गटावर टाकलं आणि काय सांगू! टक्कल पडलेली, पोटं सुटलेली माणसं पोरांसारखी भांडायला लागली. एक दंतवैद्य म्हणतो, "तो पिवळसर पडदा बघून रडलो." एक बसचालक म्हणतो, "नव्या आवृत्तीत आवाज धुऊन काढलेत मेल्यांनी, गेमचा जीवच घेतला." आणि जुनं वैर आहेच. लाल पंजा हा वीर घेऊन खेळणारे पंजावाले म्हणतात, वीजबाई नुसती लांबून विजा फेकते, समोर यायची टाप नाही. वीजबाईवाले म्हणतात, लाल पंजाला दोनच डाव येतात आणि दुसरा पहिल्यासारखाच आहे.

पण तुला हे सांगायला नको. तू गटावर आहेस, 'वीजबाईचा भाऊ' या नावाने. दचकू नकोस, कोणी चुगली केलेली नाही. 'वीजबाईचं बटण दाबून मारायचं नसतं, दाबून धरायचं आणि सोडून मारायचं,' असं तू लिहिलंस आणि मला तुझा दुकानातला आवाज ऐकू आला. गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून वाकून, वैतागून तू हेच सांगायचास.

गटावर तुझ्या मागे लागलेल्या त्या खवचट 'गंजक्या पान्या'बद्दल जरा वेळाने लिहितो.

त्याने 'पुरावा दाखव' म्हणून डिवचलं, तेव्हा तू घरी बनवलेल्या दांडीवर खेळून चित्रफीत टाकलीस. कॅमेरा फक्त पडद्यावर. गट वेडा झाला. मी दुसऱ्या दिवशी दुकानात ती लावली आणि डोळे मिटून ऐकली. बटणं तुझीच. पण दांडी खालून पुढे फिरवताना तुझे दोन खटके कात्री मिटल्यासारखे चिकटून पडायचे. इथे एक खटका, मग लाकडावर काहीतरी घासल्याचा आवाज, मग दुसरा. बोटांत धरलेली दांडी अशी वाजत नाही. ती तळहाताने ढकललेली असते.

तुझ्या वहिनीला विचारलं, "धाकट्याच्या डाव्या हाताला काय झालंय?" (आपल्या बायका आपल्या पाठीमागे फोनवर बोलतात, आणि आपल्याला ते माहीत नाही असं समजतात. समजू दे.)

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कानांनी."

"भारीच तिखट कान! इतकी वर्षं घरातली शांतता बरी नाही ऐकू आली त्यांना." मग घातलेली घडी पुन्हा उलगडत म्हणाली, "कारखान्यात प्रेसखाली सापडला. तीन बोटं गेली. तुम्हाला सांगू नये म्हणून त्याच्या बायकोने शपथ घातलीय मला."

आता तो पाना. तुझ्या चित्रफितीखाली त्याने लगेच लिहिलं होतं, 'लपून काय खेळतोस? हातात दम असेल तर रविवारी समोर ये.' एरवी पानभर उत्तर देणारा तू एकच शब्द लिहिलास. 'येतो.' त्यावर पंजावाल्यांनी शिट्ट्या मारल्या. एकाने लिहिलं, 'त्याचे हात जवळून बघायचेत, कॅमेरा घेऊन येतो.'

धाकट्या, गंजका पाना मी आहे.

लिहिलं आधी, ऐकलं नंतर. माझ्यासारख्याने हा क्रम उलटा करायला नको होता. पण माझ्या नावाने लिहिलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस का? तिथे तू मला 'गाढवा' म्हणायचास आणि मी दिवसभर खुशीत असायचो. वहिनी विचारायची, आज एवढं काय मिळालं?

गप्प बसलो असतो तर तू रविवारी आलाच असतास, एवढा व्यवहार मला कळतो. पण ते पान्याचे दात पाडायला आला असतास, माझ्याकडे नाही. आणि एवढ्या गर्दीसमोर तुझा हात उघडा पडला असता, माझ्या एका टोमण्यापायी. म्हणून सांगून टाकलं. आता सामना रद्द कर म्हण, रद्द करतो. पान्याला आजारी पाड म्हण, पाडतो. खेळायचंच म्हणालास तर खेळतो. फक्त मुद्दाम हरणार नाही, तू तिथल्या तिथे ओळखशील.

आणि त्या स्प्रिंगा कडक झाल्या नव्हत्या. नरम घातल्यात, दोन्ही बाजूंना, म्हणजे पंजावाल्यांना बोंब मारायला जागा नको. दांड्यांचे गोळेही मोठे केलेत. तीन बोटं मुडपून तळहाताने ढकलून बघितलं. वीजबाई माझ्या हातूनसुद्धा वीज टाकते, म्हणजे बघ.

सामने दुपारी आहेत. मी सकाळपासूनच दुकानात असेन, शटर अर्धं ओढून. आलास तर थाप मार. कुठल्याही हाताने मार, मी ओळखेन.

तुझा,
गटावर ज्याला तू गाढव म्हणतोस तो,
दादा