सरकत्या बर्फावरची रेघ

४ डिसेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे, फक्त दाढी गोठते. आमचं भोक दोनशे बारा मीटर खोल गेलंय; आणखी चाळीस मीटर, की सगळ्यात जुना बर्फ हाती. आणि नेमकं काल काम बंद पडलं!

शेजारच्या देशाच्या निरीक्षकबाई आल्या होत्या. दक्षिण ध्रुवाच्या करारातल्या कुठल्याही देशानं कुणाचीही छावणी तपासावी, असा इथला नियम. मी चहा दिला, त्यांनी जागा मोजली आणि हळूच सांगितलं, की आम्ही संरक्षित क्षेत्राच्या दोनशे ऐंशी मीटर आत बसलोय. सहा वर्षांपूर्वी दोनशे मीटर बाहेर होतो. तंबू कुणी हलवला नाही गं, बर्फच वर्षाला ऐंशी मीटर सरकतो. आता करारातल्या देशांची परिषद ठरवेपर्यंत खणायचं नाही. फेब्रुवारीत आम्ही परतणार, हिवाळ्यात भोक मिटणार, सहा वर्षं पाण्यात! ही रेघ कोणत्या शहाण्यानं आखली, तुझ्या त्या कराराच्या कार्यालयात विचार ना.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.
तुझा,
बर्फ्या

१५ डिसेंबर
चि. बर्फ्यास,
अनेक आशीर्वाद.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो शहाणा मीच. नऊ वर्षांपूर्वी या क्षेत्राचा मसुदा माझ्याकडे होता. एका म्हाताऱ्या भूमापकानं विचारलं होतं, की नकाशावरचे आकडे जागेवर राहतील, पण बर्फ राहील का? सगळे जेवायला खोळंबले होते. मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली आणि आकडे घालून टाकले. आठवलं की कान तापतात.

पण एक किडा डोक्यात वळवळतोय. हे क्षेत्र राखलं शेजाऱ्यांच्या हवा मोजणाऱ्या यंत्रांसाठी, त्यांच्याभोवती पाचशे मीटर, जवळपास धूर नको म्हणून. तू सरकत आत आलास, तर त्यांच्या यंत्रांचा खांब कुठे गेला? बाईंना सोबत घेऊन मोज. एकट्याच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? जानेवारीत परिषद आहे, अध्यक्ष मीच.

कानटोपी घाल. माया आहेच, मागावी लागत नाही.
ताई

२७ डिसेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजलं! खांब क्षेत्राच्या दोनशेवीस मीटर बाहेर. उद्या कुणी त्याला खेटून डिझेलचं इंजिन लावलं, तरी कायदा हूं की चूं करणार नाही. बाई आकड्याकडे बघत राहिल्या आणि मग हसतच सुटल्या. त्या वर कळवताहेत.

पण ताई, अध्यक्ष तू, रेघ तुझी, भाऊ मी. माझ्यापायी खुर्ची घालवू नकोस. भोक काय, पुन्हा पाडता येईल. हे खोटं आहे, पण असू दे.

आशीर्वादाचा हात तसाच राहू दे.
बर्फ्या

२० जानेवारी
चि. बर्फ्यास,
अनेक आशीर्वाद.

काल पहिल्याच मिनिटाला उभी राहिले. रेघ माझी, चूक माझी आणि छावणीतला तो माणूस माझा सख्खा भाऊ, एवढं सांगून मागच्या बाकावर जाऊन बसले.   मग शेजाऱ्यांचा वकील उठला. तुमच्यावर कारवाई मागतोय की काय, म्हणून माझा जीव टांगणीला! त्यानं मागितलं एवढंच, की यापुढे क्षेत्र खांबापासून मोजावं, दरवर्षी, दोन्ही देशांनी मिळून. एकमतानं मंजूर. तसं मोजलं तर तुम्ही चारशेचाळीस मीटर बाहेर आहात. मी तीनदा हिशेब केला.

खुर्ची मात्र गेली. भावाचं प्रकरण आधीच सांगायला हवं होतं, म्हणतात. बरोबरच आहे. रडून झालं माझं.

परवानगी सोबत आहे, तीन आठवडे आहेत, खण! खाली काय सापडलं, ते सगळ्या देशांना एकाच दिवशी कळवायचं असतं. मलाही त्याच दिवशी कळव, आधी नको. उत्सुकतेनं जीव खालीवर होतोय, तरी आधी नको.

तुझीच,
ताई