चार बोटं मोकळी जागा

धनज, ता. २ जुलै १९३७

ती. शालिकदादास, धाकट्या अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

तुमची खुशाली कळली, जीव खाली पडला. इकडे सगळी बरी आहेत. मला बरी म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

हे गेल्याला आता आठ महिने झाले. विहिरीजवळचं यांचं मिरचीचं वावर दौलतभाऊजी मागत आहेत. बाईमाणसाच्यानं बागाईत होत नाही, असं त्यांचं म्हणणं. सासरे म्हणून निवाडा मामाजींनी करायचा होता. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, की एक हंगाम पोरीले करू द्या, मिरची लाल झाली की मग पाहू. दादा, त्या वावरात यांच्या पावलांच्या वाटा अजून दिसतात. ते गेलं तर मी या घरात नुसती भाकरी थापायला उरेन.

रोपं तयार आहेत. तुम्ही अकोल्याच्या बागेत इतकी वर्षं मिरची लावता, काय करू ते सविस्तर कळवा. अक्षराला हसू नका, तुम्हीच शिकवलेलं आहे.

तुमची माया आटू देऊ नका.

अंजना

अकोला, ता. ९ जुलै १९३७

चि. अंजनास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी 'गं. भा.' लिहायला हात धजत नाही. रीत मोडली म्हणून कोणी हसलं तर हसू दे.

आता कामाचं. आपल्याकडे वितीवर रोप लावतात. तुझा रामधनही तसंच लावायचा, मी पाहिलं आहे. दाट लावलं की वावर भरलेलं दिसतं, पण झाडं एकमेकांच्या तोंडचं पाणी ओढतात, वारा खेळत नाही, पानं मुरडतात. तू दोन रोपांत सव्वा हात अंतर ठेव. उघडी भुई पाहून लोक बोलतील, बोलू दे. रोपांनी मूळ धरलं की मधली सगळी भुई पळसाच्या पानांनी, वाळल्या गवतानं झाकून टाक. ओल टिकते, निंदणही कमी होतं. कुटार वापरू नकोस, तो जनावरांच्या तोंडचा घास आहे.

जेवत जा. मागच्या खेपेला तुझे हात पाहिले, नुसत्या काड्या झाल्या आहेत. या भावाला विसरू नकोस.

शालिकराम

धनज, ता. २१ ऑगस्ट १९३७

ती. शालिकदादास शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला उशीर झाला, कारण चांगलं काही लिहायला नव्हतं.

लावणी तुम्ही सांगितली तशीच केली. पहिलं रोप सवाष्णीनं लावायचं, म्हणून हळदकुंकू वाहून ते जाऊबाईंनी, पंचफुलाबाईंनी लावलं. मी बांधावर उभी होते. बी मी पेरलं, पाणी मी घातलं, आणि पहिल्या रोपाला हात लावायची मला मनाई. राग गिळला. मग सव्वा हाताची काठी तोडून घेतली आणि सगळं वावर त्या मापानं लावलं. फक्त कडेची एक ओळ वितीवर लावली. ती यांची. तेवढं मन मोडवलं नाही.

पळसाची पानं मी आणि पंचफुलाबाईंनी डोक्यावर वाहून आणली. बाया विचारायच्या, की अंजना, पंगत कोणाले देऊन राह्यली, पत्रावळ्या कायले मांडल्या? मीही हसले. लेकराला गोधडी खोचावी तशी एकेका रोपाच्या गळ्यापर्यंत पानं खोचली.

मग आठ दिवसांची झड लागली. उघडली तेव्हा चार ओळी माना टाकून पडल्या होत्या. उपटून पाहिलं तर बुडाशी खोड काळं, कुजलेलं. भाऊजी म्हणतात, की पानं फेका आणि मधी मधी नवीन रोपं खुपसा. मामाजी येतात, पाहतात, जातात. दादा, मी हरले का? लवकर लिहा.

अंजना

अकोला, ता. २६ ऑगस्ट १९३७

चि. अंजनास आशीर्वाद.

तू नाही हरलीस, चूक माझी आहे. इथं पानं अंथरली की रोज सकाळी फिरताना मी खोडाजवळची पानं बाजूला सारतो. खोडाभोवती चार बोटं भुई मोकळी पाहिजे, नाहीतर ओल धरून बूड कुजतं. ही गोष्ट हाताला इतकी सवयीची, की पत्रात लिहायची राहूनच गेली. तुझ्या चार ओळी मी मारल्या. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

पानं फेकू नकोस. आजच्या आज प्रत्येक झाडाशी चार बोटं जागा मोकळी कर. मेल्या जागी दाटी करू नकोस, रिकामी राहू दे.

वावर गेलंच तर या घराचं दार तुला उघडं आहे. पण तुला दार नको, वावर हवं, हे मला कळतं.

तुझा अपराधी भाऊ
शालिकराम

धनज, ता. २८ नोव्हेंबर १९३७

ती. शालिकदादास शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी गुडघ्यांवर बसून प्रत्येक झाडाशी चार बोटं मोजली. त्यानंतर एकही झाड कुजलं नाही.

पोळ्यानंतर पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. विहीर एक आणि मोटेची पाळी दोघांची. भाऊजींच्या शेजारच्या दाट मिरचीला चौथ्या दिवशी पाणी कमी पडायचं, माझी आठव्या दिवसापर्यंत तग धरायची. एक दिवस मामाजी वाकले, पानांखाली हात घातला, मूठभर माती काढून वास घेतला आणि तशीच मुठीत धरून घरी गेले.

यांची वितीची ओळ वाळली. पाणी मी जास्तीचं घातलं, चोरून घातलं, तरी वाळली. दोनच झाडं राहिली. त्या दिवशी मी खूप रडले, तुम्हाला खोटं कशाला सांगू.

काल लाल मिरचीचा पहिला तोडा होता. पंचफुलाबाई टोपली आणि हळदकुंकू घेऊन पुढे झाल्या. मामाजींनी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, की जिनं भुई झाकली, तिचाच हात पह्यले लागू द्या. आमच्या रंगूआत्या कुरकुरल्या, की विधवेचा हात कसा लावता? त्यावर मामाजी म्हणाले, की मिरची काई कपाळावरचं कुकू पाहून लाल होत नसते. पंचफुलाबाईंनी टोपली माझ्या हातात दिली. त्यांचेच डोळे भरले होते. वावर माझ्याकडेच राहील, असं मामाजींनी भाऊजींना सगळ्यांदेखत सांगितलं. भाऊजी आज सकाळी बैलगाडी घेऊन पळसाच्या पानांना गेले आहेत.

दादा, पहिली मिरची मी यांच्या ओळीतल्या त्या दोन झाडांची तोडली. ती विकायची नाही. बियासाठी ती वाळत घातली आहे. पुढच्या वर्षी सगळं वावर त्याच बियाचं करीन, पण सव्वा हातावर लावीन.

असाच आशीर्वाद ठेवा, आणि एकदा येऊन वावर पाहून जा.

तुमची
अंजना