काठाला समांतर

बार्शीटाकळी, २० एप्रिल २०२५

ती. ताईस गोपालचा सा. न. वि. वि.

फोनवरचं बोलणं जपून ठेवता येत नाही हे तुझं म्हणणं, म्हणून वांग्यांच्या गाडीवाल्याजवळ पत्रच देतो आहे. इकडे विहीर तळाला गेली. अखाजीचा सण झाला की गाळ काढू.

तुझ्या भाचीचं भांडण तुझ्याकडे पाठवतो. विहिरीच्या पूर्वेला जमिनीत भेग पडली आहे. काठ वळतो तशी तीही वळते. प्रणाली तिला समांतर म्हणते. मी म्हटलं, समांतर रेघा सरळ असतात, रुळांसारख्या. तू जन्मभर गणित शिकवलंस, तूच निकाल दे. आपला गडी देवमन म्हणतो का, काळी माती हाय, उन्हाळ्यात फाटतेच, त्याले नाव कायले पाह्यजे.

माया आहे तशी ठेव.
गोपाल

अमरावती, २२ एप्रिल

चि. गोपालास अनेक आशीर्वाद.

पोरगी जिंकली! सगळीकडे सारखं अंतर राखलं, की वळणाऱ्या रेघेलाही समांतर म्हणतात. तिला माझ्यातर्फे एक आंबा जास्त दे.

पण मला ती भेग आवडली नाही. काळ्या मातीच्या भेगा वाटेल तिकडे पळतात. काठाला समांतर चालणारी भेग म्हणजे काठ सुटू पाहतो आहे. तुझी विहीर आतून बांधलेली नाही. जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय उतरू नकोस. भित्री म्हण, पण ऐक.

खुशाली कळवत राहा.
ताई

बार्शीटाकळी, १ मे

ती. ताईस सा. न.

तुझी भीती फिटली समज. प्रणालीने आज दोरीने मोजलं. भेगेची दोन्ही टोकं वळून काठाला मिळाली आहेत. म्हणजे तुझ्याच हिशेबाने ती आता समांतर राहिली नाही. पोरगी हरली म्हणून रुसली आहे.

गाळ वर ओढायची अवजड लोखंडी यारी आली. पश्चिमेला लिंब आडवा येतो, म्हणून पूर्वेच्याच काठावर बसवली. उद्या सकाळी मी आणि देवमन खाली उतरतो. नव्या पाण्याची पहिली वांगी तुझीच.

आशीर्वाद असू दे.
गोपाल

अमरावती, २ मे

गोपाल,

मायना राहू दे. पत्र आत्ता हाती आलं. टोकं काठाला मिळाली म्हणजे तो तुकडा जमिनीपासून तुटला रे. समांतर होती तोवर तरी वेळ होता. आणि तू त्याच्यावरच यारी उभी केलीस.

तुझं उद्या म्हणजे आज, आणि इथे दहा वाजून गेले. फोन वाजतो आहे, कोणी उचलत नाही. ही चिठ्ठी परतणाऱ्या गाडीवाल्याजवळ देते आणि मी बस धरते.

प्रणाली, बेटा, तू बरोबर मोजलंस. निदान तू तरी फोन उचल.

आत्या