सव्वीस कामं, सगळी पहिली

सोमवार, ४ ऑगस्ट. सकाळी ७.१०
राज्याकडून जिल्ह्याला निधी आणायचं काम जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांनी माझ्यावर सोपवलं. म्हणाले, दुसरं कोणी मोकळं नाही. भरवसा आहे, दुसरं काय! मुदत २२ तारीख. मी १४ लाच देणार.
बायको आरोग्य केंद्रात नर्स. लसींचा डबा डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडते. तिचं एकच मागणं : ओढ्यावर पायपूल. म्हटलं, झालाच समज.

बुधवार, ६ ऑगस्ट
एवढ्या मोठ्या जिल्ह्याने नुसता पूल मागायचा? लोक हसतील. व्हिजन हवं. नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, घड्याळाचा मनोरा वगैरे धरून चौदा कामं झाली. पूल आहेच त्यात.

शनिवार, ९ ऑगस्ट
अध्यक्ष म्हणाले, मेव्हण्याच्या गल्लीतला रस्ता घाला. ठाम नकार देणार होतो. रस्ता घातला. दुपारपर्यंत बाकीच्या सदस्यांना वास लागला. आणखी अकरा रस्ते. एकूण सव्वीस. प्रस्तावाला वजन येतंय. खरोखरच, शिपायाला दोन हातांनी उचलावा लागला.

मंगळवार, १२ ऑगस्ट
टायपिस्ट बाई म्हणाल्या, फॉर्मात ‘प्राधान्यक्रम’ असा रकाना आहे, आकडे सांगा. म्हटलं, विचारपूर्वक सांगू. बाईंना प्रत्येक गोष्टीची घाई.

गुरुवार, १४ ऑगस्ट
आज देणार होतो. कव्हरचा रंग ठरेना. निळा गंभीर, हिरवा आशावादी.
ही लंगडत घरी आली. ओढ्यात पाय घसरला, गुडघा फुटला. डबा वाचला. विचारलं, अहो, पूल कितवा आहे यादीत? म्हटलं, सगळीच कामं महत्त्वाची. तिने गुडघ्याला पट्टी बांधायला घेतली. बोलली असती तर बरं, उत्तर तयार होतं.

बुधवार, २० ऑगस्ट
प्राधान्य ठरवायला बैठक. पाच तास. प्रत्येकाला पहिला नंबर हवा. पुलाचा विषय काढणारच होतो, तेवढ्यात चहा आला. शेवटी तोडगा मीच काढला : सव्वीसही कामांपुढे ‘१’. टाळ्या! टायपिस्ट बाई सोडून.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. संध्याकाळी ६
दिला. राजधानीतली खिडकी पाचला बंद होते, मी चार पन्नासला हजर. कारकुनाने विचारलं, सगळी कामं पहिली कशी? म्हटलं, आमचा जिल्हाच तसा. तो खूप वेळ हसला. छाप पडली.

सोमवार, १५ सप्टेंबर
प्रस्ताव परत. शेरा : ‘प्राधान्य स्पष्ट नाही.’ तडक फोन लावला. तोच कारकून. म्हणाला, साहेब, नुसता पायपूल मागितला असता तर त्याच आठवड्यात सही झाली असती. पायपुलांचा वेगळा निधी होता, तो कोणी मागितलाच नाही. आता पुढच्या वर्षी बघा.
अशा दृष्टिहीन माणसांच्या हाती राज्य!
हिला उद्या सांगू.

बुधवार, १७ सप्टेंबर
सांगायची गरज पडली नाही. टायपिस्ट बाईंनी सोमवारीच सांगितलंय. ही ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, की पलीकडच्या लोकांनी वाट बघणं सोडलं, विजेचे दोन जुने खांब ओढ्यावर आडवे टाकलेत.
जेवण गेलं नाही.

रविवार, २१ सप्टेंबर
ही लस द्यायला निघाली. म्हटलं, मीही येतो, जागेची पाहणी होईल. डबा घेऊन ती खांबांवरून सरळ पलीकडे. मी म्हटलं, बांधकाम तांत्रिकदृष्ट्या सदोष आहे. ती म्हणाली, मग थांबा तिकडेच.
थांबणं बरं दिसेना. खांबांवर बसून सरकत निघालो. मधोमध पॅन्ट अडकली. मागे दूधवाली खोळंबली, म्हणाली, काका, आज पोचणार का? हिने डबा खाली ठेवला, परत आली, हात पुढे केला. तिच्या गुडघ्यावरचा व्रण अगदी माझ्या डोळ्यांसमोर.
मी म्हटलं, माझं चुकलं.
ती म्हणाली, ते घरी बोलू. आधी पाय उचला.