शेपटीचा ब्रश

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून नवी मालिका. शाईची अमूर्त चित्रं. विषय: माणसाची प्राण्यांशी आणि निसर्गाशी अरेरावी. नाव 'माफीनामा'. प्रदर्शनवाल्या बाई रविवारी घरी चित्रं बघायला येणार. पसंत पडली तर हिवाळ्यात हॉल माझा. न पडायला काय झालं?
सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या म्हाताऱ्या कुत्र्यासकट. तो माझ्या कामाच्या खोलीच्या दारात आडवा पडून असतो. करुणेत लक्ष लागत नाही. बाल्कनीत बांधला.

मंगळवार, ४
कुत्रा दिवसभर रडला. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, त्याला थंडी बाधते. मी म्हणालो, कलेसाठी सगळ्यांनाच झळ सोसावी लागते. त्यांनी माझ्या हीटरकडे पाहिलं. या बाईंची नजरच वाईट.
ब्रश हल्ली बाल्कनीतल्या कुंडीत धुतो. बेसिन काळं झालं की बायको बोलते. झाड बोलत नाही.

गुरुवार, ६
चित्रं जमत नाहीत. दोष ब्रशचा. नायलॉनचा मेला, रेषेत जीवच नाही. खऱ्या केसांचा हवा. दुकानदार म्हणतो, मागवावा लागेल, महिना जाईल. अशा लोकांमुळेच कला मागे राहते.
दुपारी कुत्र्याच्या शेपटीकडे लक्ष गेलं.

शुक्रवार, ७
अप्रतिम ब्रश. कात्री, दोरा, गोंद, जुना दांडा. कुत्र्याने अजिबात सहकार्य केलं नाही. उगाच केकाटला. जरा कातडीला लागलं असेल. केस काय, परत येतात. रेषा मात्र लोण्यासारखी उतरली. बायकोला सांगितलं, शेपूट दारात अडकलं.

शनिवार, ८
बायको एका चित्रासमोर बराच वेळ उभी होती. यात कोण रडतंय, म्हणाली. भिडलं म्हणायचं.
उद्या सकाळी सासूबाईंनी कुत्र्याला घेऊन शेजारणीकडे बसावं, असं सुचवलं. त्या हो म्हणाल्या. इतक्या सहज कशा म्हणाल्या?

रविवार, ९
बाई आल्या. थबकल्या. म्हणाल्या, रेषा किती मऊ आहे, ब्रश कुठला? मी म्हणालो, परदेशी.
तेवढ्यात सासूबाई कुत्र्याला कडेवर घेऊन दारात. भादरलेलं शेपूट, त्यावर मलम. म्हणाल्या, परदेशी कसला, घरचाच आहे.
बाईंनी ब्रश बघितला, मग शेपूट. मग सरळ जमिनीवर बसल्या आणि कुत्र्याशीच बोलत राहिल्या. निघताना मला म्हणाल्या, माफी इथेच मागा, त्याला हॉल कशाला हवा?
बाईंना चित्रातलं ओ की ठो कळत नाही.
बायको एक शब्द बोलली नाही. उद्या बोलेल.

बुधवार, १२
बोलली. कामाची खोली आता कुत्र्याची, हीटरसकट. माझं टेबल बाल्कनीत. उजेड चांगला आहे. कुंडीतलं झाड वाळलं, त्यामुळे जागाही ऐसपैस.
दुपारी कुत्रा दारापर्यंत आला. मी मायेने हाक मारली. त्याने उरलंसुरलं शेपूट पायांत घातलं आणि आत निघून गेला.
कात्री नव्हती माझ्या हातात. पेन्सिल होती.