चोचीचा पिवळा रंग

२ मे
नव्या वनरक्षकास महाधनेशाची ओळख लिहून दिली. माझे शिक्षण चौथीपर्यंतच. परंतु अक्षर वळणदार आहे. पंख काळे, त्यांवर पांढरा पट्टा. चोच मोठी, तिच्यावर टोप. नराचा डोळा लाल, मादीचा पांढरा. नराच्या टोपाला पुढे व मागे काळा रंग. चोचीचा पिवळेपणा जन्माचा नव्हे — शेपटीच्या बुडाशी तेल असते, ते पक्षी स्वतः चोळतो.

आम्ही राखण करतो त्या ढोलीतील मादीने दार लिंपून घेतले आहे. फट तेवढी उरली आहे. नर आज पाच वेळा फळे घेऊन आला. मोतीबिंदूमुळे तो दिसत नाही. पंखांचा आवाज मला पुरतो.

५ मे
पुतण्याचे लग्न. आमच्या रिवाजाप्रमाणे माझ्या वेताच्या टोपीवर लावलेली धनेशाची जुनी चोच कीड लागून फुटली होती. मुलगा तापुक सकाळीच नवी घेऊन आला. "इटानगरहून मागवली, बाबा. फायबरची. आता सगळे हीच लावतात."

नकली चोच लावून माझ्यासारख्या गावबुढ्याने, गावच्या प्रमुखाने, मांडवात बसावे काय? बायको यासुम म्हणाली, "धनेश मारणाऱ्याला दंड तुम्हीच करता. खरी लावलीत तर स्वतःलाच दंड कराल. बसा मुकाट्याने." तिनेच ती बांधली. मी हातही लावला नाही. मांडवात सर्वांनी वाखाणली.

६ मे
नर आला नाही. लग्नाच्या गडबडीत गेले दोन दिवस कोणी ढोलीखाली राखणीला बसले नव्हते.

७ मे
आजही नाही. फटीतून चोच बाहेर येते, थांबते, आत जाते. मादीची पिसे झडलेली असतात. दार फोडले तरी उडता येणार नाही. आत पिल्लू आहे.

तापुक म्हणाला, "दुसरीकडे गेला असेल. तुम्हाला दिसतं तरी काय, बाबा?" नर दुसरीकडे जात नाही, हे त्याला मीच शिकविले आहे.

मला भीती वाटते. हे घरात कोणास सांगितलेले नाही.

८ मे
पिल्लाचा आवाज बारीक झाला आहे.

९ मे
टोपी ठेवून देण्यापूर्वी चोच कोरड्या फडक्याने पुसली. फडके पिवळे झाले. उन्हात डोळ्यांशी धरून पाहिली. टोपावरचा काळा रंग निघाला नाही — पुढचाही, मागचाही.

तापुक दारात उभा होता. म्हणाला, "तुमच्यासाठीच, बाबा. लोक हसले असते."

त्यास सांगितले, सभा उद्या बसेल. गावबुढ्याचा लाल कोट घालून मीच बसेन. आज उंबराची फळे तोड आणि ढोलीपर्यंत शिडी बांध.