तोंडपाठ तक्ता

३ मार्च, सकाळ.
डावी नाकपुडी गच्च. गाल ठणकतोय. साधी सर्दी. बायको म्हणाली, आधी शुगर तपासा. तिला सांगितलं, गोड खाणं मी केव्हाच सोडलंय. चहातली साखर पिण्यात येते.

५ मार्च.
गाल बधिर. दाढी करताना कापलं, पत्ताच नाही! म्हणजे ठणका गेला. प्रगती आहे.

६ मार्च, दुपारी १२.
दुकानात एक बाई आल्या, मला दोन दिसल्या. दोघींनाही बसा म्हणालो. नंबर बदलला असणार. बावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, मला काय कोण सांगणार? उजवा डोळा झाकून भिंतीवरचा तक्ता स्वतःच वाचला. वरपासून खालपर्यंत घडाघडा. एक अक्षर चुकेल तर शपथ! डोळा फर्स्ट क्लास.

७ मार्च.
डावी पापणी अर्ध्यावर. जागरण. नाकातून काळं काहीतरी पडलं. धूळ. बायकोने रुमाल बघून घर डोक्यावर घेतलं. मेहुणी नर्स आहे. ती फोनवर म्हणाली, भावोजी, शुगरवाल्यांना होते ती बुरशी असू शकते, नाकातून डोळ्यात चढते, आजच्या आज हॉस्पिटल गाठा. म्हटलं, बुरशी पावाला लागते. फोन ठेवला. सोमवारी बघू.

८ मार्च, सकाळी १०.
बायको दुकानात येऊन हटून बसली. म्हटलं, ठीक आहे, तुझ्यासमोर टेस्ट देतो, पास झालो तर विषय बंद. उजवा डोळा झाकला. जरा अंधारल्यासारखं झालं, आभाळ आलं असणार. तरी तक्ता संपूर्ण वाचला, नेहमीपेक्षा फास्ट.
 बायको रडतच म्हणाली, अहो, तुम्ही डोळा झाकल्याबरोबर मी तो उलटा टांगलाय, तुमच्यासमोर नुसता कोरा पुठ्ठा आहे.
हात काढून बघितलं. खरंच कोरा.
भीती वाटली. पहिल्यांदाच लिहितोय हे. शटर तिनेच ओढलं.

२० मार्च, हॉस्पिटल.
दोन ऑपरेशनं झाली. रोज सलाईनमधून बुरशीचं औषध. जीव वाचला. डावा डोळा काढावा लागला.
डॉक्टरांना विचारलं, कधी आलो असतो तर वाचला असता? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण एकाचे दोन दिसले त्या दिवशी आला असतात, तर बरीच आशा होती.
म्हणजे ६ तारीख. त्या दिवशी मी पास झालो होतो.